मुलं राक्षसाची भूमिका का घेतात? कथा-खेळातला ‘केंकू’ समजून घेऊया



सुट्टीत मोठ्या भावंडांकडे राहून आलेली मुलं हल्ली एका वेगळ्याच खेळाबद्दल सांगतात. त्यात पट असेलच असं नाही, सोंगट्या असतीलच असंही नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, अधूनमधून वीस बाजूंचा फासा टाकतात आणि तीन-तीन तास नुसते बोलत राहतात. आणि मग घरी येऊन मूल सांगतं, “आई, मी केंकू झालो होतो. मला स्वतःचा आवाजच नाही!” आईला प्रश्न पडतो. राजा, सैनिक, जादूगार असं सगळं सोडून हा चोचीचा प्राणी कशाला? आणि हे चांगलं की वाईट?

आजच्या लेखात हेच समजून घेऊया. खेळ काय आहे, त्यात राक्षसी वंशाचं पात्र घेणं म्हणजे काय, ते चांगलं कसं खेळतात, कुठे बिघडतं, आणि आपल्याला वर्गात त्यातलं काय घेता येईल.

खेळ थोडक्यात

या प्रकाराला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. मराठीत ‘कथा-खेळ’ म्हटलं तरी चालेल. यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो तयार केला आणि १९७४ साली तो बाजारात आला.

रचना साधी आहे. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. आपण त्याला सूत्रधार म्हणूया. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, “समोर बंद दार आहे, आतून कुजबुज ऐकू येते.” मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करेल ते सांगतो. जिथे यश मिळेल की नाही याची खात्री नसते तिथे फासा टाकायचा. पात्राचे सहा गुण कागदावर आकड्यांत लिहिलेले असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. १० किंवा ११ म्हणजे साधारण माणसाइतका गुण, त्याला फाशात काही मिळवायचं नाही. १२ असेल तर फाशात १ मिळवायचा, १४ असेल तर २. बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते.

म्हणजे तोंडी बेरीज, ऐकणं, बोलणं, गोष्ट रचणं, सगळं एकाच टेबलावर.

राक्षसाला पात्र करायची परवानगी कधीपासून?

पात्र बनवताना वंश निवडायचा असतो. माणूस, एल्फ, बुटके ड्वॉर्फ हे नेहमीचे. गॉब्लिन, कोबोल्ड, ऑर्क हे मुळात शत्रू. गुहेत दबा धरून बसायचं आणि नायकांच्या हातून मार खायचा, एवढंच त्यांचं काम.

पण खेळणाऱ्यांना पहिल्यापासून त्यांच्याच जागी बसून पाहायचं होतं. १९७४ च्या पहिल्या नियमपुस्तिकेतच तशी सवलत होती. पात्र जवळपास काहीही असू शकतं, फक्त त्याने दुबळं सुरू होऊन हळूहळू मोठं व्हायचं. पुढे १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात मात्र गायगॅक्स यांनी या हौसेला चांगलाच लगाम घातला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की राक्षस मागणाऱ्या बहुतेकांना आयती ताकद हवी असते. हा वाद आजही प्रत्येक टेबलावर होतो. तरी १९९३ साली अशा वंशांवर स्वतंत्र पुस्तक आलं, २००३ साली आणखी एक आलं, आणि २०१६ साली ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ या पुस्तकाने गॉब्लिन, कोबोल्ड, ऑर्क, सरड्यासारखे लिझर्डफोक आणि आपला केंकू हे सगळे खेळाडूंसाठी खुले केले.

गंमत म्हणजे आपला ‘राक्षस’ हा शब्दही या खेळात जसाच्या तसा गेला आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस आहे, वाघाच्या तोंडाचा. आपल्या मुलांना मात्र राक्षस म्हटलं की घटोत्कचही आठवतो, जो पांडवांच्या बाजूने लढता लढता कामी आला. राक्षस कुळातला असूनही आपल्या बाजूचा असू शकतो, ही कल्पना आपल्याला नवी नाही. तेव्हा मुलाने राक्षस निवडला म्हणून लगेच दचकायचं कारण नाही.

केंकू कोण?

केंकू या खेळात १९८१ पासून आहे. जपानी लोककथांमध्ये तेंगू नावाचे पक्ष्यासारखे जीव आहेत, त्यांच्याशी त्याचं नातं सांगितलं जातं. सुरुवातीला तो बहिरी ससाण्यासारखा दिसायचा, पुढे तो डोमकावळ्यासारखा झाला. साधारण पाच फूट उंची, चोच, काळी पिसं, अंगावर डगला.

२०१६ च्या पुस्तकात त्याची कथा अशी आहे. केंकूंनी पूर्वी आपल्या शक्तिमान धन्याच्या खजिन्यावर डोळा ठेवला. धन्याने शाप दिला आणि तीन गोष्टी काढून घेतल्या : पंख, स्वतःचं काही नवं सुचण्याची शक्ती, आणि आवाज. तेव्हापासून केंकू उडू शकत नाही, आणि आधी कानावर पडलेले आवाज तेवढेच तोंडातून काढू शकतो. ऐकलेलं वाक्य, दाराची करकर, मांजराचं म्याव, कोणाचाही हुबेहूब गळा. त्याचं नावसुद्धा एखादा आवाजच असतो. हातोड्याचा ठणठणाट हे त्याचं नाव असेल तर बाकीचे त्याला ‘ठणठण’ म्हणणार.

आणि एक बारीक नियम, जो आपण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. केंकूला लिहिता-वाचता येतं. फक्त बोलता येत नाही.

आता फाशाचं उदाहरण घेऊ. केंकूला पहारेकऱ्याच्या साहेबाच्या आवाजात “दार उघड!” म्हणायचं आहे. त्याचा छाप हा गुण १२, म्हणजे अधिक १. फसवण्याचं कसब शिकलेला आहे म्हणून आणखी अधिक २. फासा पडला ११. बेरीज १४. पहारेकऱ्याने ओळखण्यासाठी फासा टाकला, पडले १२, त्याच्या शहाणपणाचं काही मिळवायचं नाही. १४ विरुद्ध १२. दार उघडलं!

मग तो खेळायचा कसा?

केंकू निवडलेल्या मुलाने जवळ एक छोटी वही ठेवायची. गोष्टीत जे जे आवाज कानावर पडतील ते टिपायचे. समजा पहिल्या तासाभरात वहीत एवढं जमलं :

१. बाजारातली भाजीवाली : “घ्या घ्या, ताजं आहे!”
२. वेशीवरचा शिपाई : “थांब! पुढे जाऊ नकोस!”
३. म्हातारी आजी : “ये रे बाळा, बस जरा.”
४. दाराची करकर.

आता गुहेत एक जखमी, घाबरलेला गॉब्लिन भेटतो. केंकूला त्याला भाकरी द्यायची आहे. “मी तुझा शत्रू नाही, हे खा” असं त्याला म्हणता येत नाही, कारण असं वाक्य त्याने कधी ऐकलेलंच नाही. मूल वही चाळतं. आधी म्हातारीच्या आवाजात, “ये रे बाळा, बस जरा.” मग भाकरी पुढे करून भाजीवालीच्या आवाजात, “घ्या घ्या, ताजं आहे!” टेबलावर सगळे हसतात, पण गॉब्लिनला बरोबर कळतं. पुढे मित्र खड्ड्याकडे चालला की शिपायाचं “थांब!” कामी येतं.

मी मराठी शिकवते, म्हणून मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो. एका प्रसंगातलं वाक्य उचलून दुसऱ्या प्रसंगात नव्या अर्थाने वापरणं ही भाषा शिकण्याचीच पायरी आहे. लहान बाळही सुरुवातीला ऐकलेलंच परत म्हणतं. फरक इतकाच, की बाळ पुढे स्वतःची वाक्यं करू लागतं आणि केंकूला ते करता येत नाही. त्यामुळे खेळणाऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते : आपल्याला जे म्हणायचंय ते म्हणता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

मुलाला नकला करायला लाज वाटत असेल तरी अडत नाही. “माझा केंकू म्हातारीच्या आवाजात म्हणतो…” असं नुसतं सांगितलं तरी चालतं. बुजऱ्या मुलांसाठी हा मार्ग उत्तम.

कुठे बिघडतं?

राक्षस पात्र घेतलं की तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, पात्र म्हणजे नुसता मुखवटा. चोच लावली, पण वागणं-बोलणं सगळं नेहमीचं. यात वाईट काही नाही, पण मग केंकू घेऊन काय मिळवलं? मुलाला एवढंच विचारावं, “तुझ्या केंकूला असं काय जमत नाही, जे तुला जमतं?” या प्रश्नाच्या उत्तरातून पात्र उभं राहतं. ‘काय काय जमतं’ यावरून फक्त ताकदीची यादी होते. आयत्या ताकदीची ती जुनी तक्रार इथेच सुटते. ज्याला उणीव घ्यायची तयारी आहे, त्याने राक्षस खुशाल घ्यावा.

दुसरं, पात्राचा बाकीच्यांना ताप. एक जण तीन तास नुसता कावकाव करत बसला तर बाकीचे वैतागणारच. यासाठी आधीच ठरवून घ्यायचं : खाणाखुणा सोबत्यांना समजतात, चिठ्ठी लिहिली तर चालते, आणि घाईच्या वेळी मूल सरळ बोलून सांगू शकतं. पात्र मुकं असलं तरी खेळणारं मूल मुकं होता कामा नये.

तिसरं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पात्राची सबब. पुस्तकात केंकू चोऱ्या करणारे दाखवले आहेत. मग मूल सोबत्यांच्याच थैलीतले पैसे चोरतं आणि वर म्हणतं, “मी काय करू, माझं पात्रच तसं आहे!” हे ओळखीचं वाटतंय ना? “माझा स्वभावच असा आहे” म्हणणारी मोठी माणसं आपण रोज पाहतो. उत्तर रागावून द्यायची गरज नाही. “पात्र तू बनवलंस. तसं का बनवलंस?” एवढं पुरतं. चोर असलेला केंकू आपल्या सोबत्यांना का लुटत नाही, याचं कारण मुलाने शोधलं की तिथूनच गोष्ट सुरू होते.

वेशीवरचा प्रश्न

आता थोडं गंभीर. गॉब्लिन किंवा केंकू गावाच्या वेशीवर आला की गावकरी काय करतील? दारं लावतील, दगड मारतील, आत येऊ देणार नाहीत. काही सूत्रधारांना हे खरं वाटावं म्हणून दर वेळी दाखवायचं असतं. पण टेबलावर बसलेल्या मुलाला रंगावरून, कपड्यांवरून, बोलण्यावरून शाळेत रोज चिडवलं जात असेल तर? त्याने खेळात गॉब्लिन घेतला तो कदाचित जिंकून दाखवण्यासाठी. आणि खेळातही त्याला वेशीबाहेरच उभं केलं, तर तो खेळ राहत नाही.

म्हणून जाणते खेळाडू पहिल्या दिवशी खेळतच नाहीत, नुसतं ठरवतात. याला ते ‘सेशन झिरो’ म्हणतात. गोष्टीत काय चालेल, काय नको, राक्षसाला लोक कसे वागवतील, हे सगळ्यांसमोर बोलून घेतात. शिवाय टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेवण्याची पद्धत आहे. कोणालाही एखादा भाग सहन झाला नाही की कार्डाला हात लावायचा. तो भाग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. ही सोय आपल्या वर्गातल्या कोणत्याही नाटुकल्यासाठी वापरण्यासारखी आहे.

‘जन्मतःच तसे’ असतं का?

या खेळात अलीकडे एक मोठा बदल झाला, तो पालकांना माहीत असावा. २०१६ च्या पुस्तकात ऑर्क निवडला की बुद्धीतून २ वजा होत. कोबोल्ड निवडला की ताकदीतून २ वजा. म्हणजे वंशच कमी अकलेचा, असं छापलेलं. यावर बरीच चर्चा झाली आणि पुढे हे वजा आकडे काढून टाकले गेले. २०२० पासून गुणांची वाढ हवी तिथे लावायची मुभा आली. २०२२ च्या पुस्तकात केंकूवरची बोलण्याची बंदीही गेली. आता तो नक्कल उत्तम करतो, पण स्वतःचं बोलूही शकतो. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात तर ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला, आणि ऑर्क हा माणूस-एल्फ यांच्याच पंक्तीला, नेहमीच्या वंशांमध्ये येऊन बसला.

काही खेळाडूंना जुना, शापित केंकूच जास्त आवडतो. मलाही तो खेळायला जास्त रंगतदार वाटतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. ‘याला आवाज नाही’ ही अडचण झाली. ‘हे सगळे चोरच असतात’ हा शिक्का झाला. अडचणीतून गोष्ट तयार होते. शिक्क्याने गोष्ट सुरू होण्याआधीच संपते.

हा शिक्का आपल्याला परका नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि संपूर्ण समाजच्या समाज जन्मतः गुन्हेगार ठरवले. पुढे तो कायदा इतर प्रांतांतही लागू झाला. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. त्या समाजांतली मुलं आज आपल्या शाळांमध्ये शिकतात, आणि गावात काही हरवलं की पहिली नजर अजूनही त्यांच्याकडे वळते. म्हणून एक पथ्य कटाक्षाने पाळूया : खेळातल्या राक्षसाची तुलना कोणत्याही खऱ्या समाजाशी, बोलीशी, वस्तीशी करायची नाही. आणि मोठ्यांनी कोणत्याच मुलाला “तू राक्षस हो” असं सांगायचं नाही. मुलाने स्वतः निवडला तरच ती भूमिका.

वर्गात करून बघा : ‘उसना आवाज’

चौथी-पाचवीसाठी एका तासिकेचा उपक्रम देते. फासे, पुस्तकं काहीही लागत नाही.

१. मधल्या सुट्टीत प्रत्येक मुलाने कानावर पडलेली पाच वाक्यं वहीत टिपायची. जशीच्या तशी, घरच्या बोलीत असतील तर त्याच बोलीत.
२. वर्गात चार-चारचे गट. प्रत्येक गटाजवळ वीस वाक्यं झाली.
३. शिक्षकाने चिठ्ठ्या द्यायच्या : ‘मला पाणी हवंय’, ‘मला भीती वाटतेय’, ‘माझ्याशी मैत्री कर’, ‘मला हे समजलं नाही’.
४. गटातल्या एकाने फक्त टिपलेली वाक्यं आणि हावभाव वापरून चिठ्ठीतली गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी ओळखायची.
५. शेवटी चर्चा : कोणती गोष्ट सांगताच आली नाही? का?

माझ्या वर्गात पाचव्या पायरीला मजेशीर गोष्ट घडली. ‘पाणी हवंय’ सगळ्यांना जमलं. ‘मला हे समजलं नाही’ एकाही गटाला जमलं नाही. कारण वह्यांमध्ये “गप्प बस”, “रांगेत या”, “पळू नको”, “आटप लवकर” अशी वाक्यं भरपूर होती, पण “समजलं नाही, परत सांगा” हे वाक्य शाळेत कोणाच्या तोंडून ऐकूच आलं नव्हतं. एका मुलीने विचारलं, “बाई, जे कधी ऐकलंच नाही ते कसं बोलणार?” त्या दिवसापासून आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक नवं वाक्य लिहितो आणि दिवसभरात प्रत्येकाने ते एकदा तरी वापरायचं. पहिलं वाक्य अर्थातच “समजलं नाही, परत सांगा” हेच होतं.

आणि केंकूला लिहिता येतं, हे विसरू नका. आपल्या प्रत्येक वर्गात एखादं मूल असं असतं की घरची बोली वेगळी म्हणून किंवा लोक हसतील म्हणून तोंड उघडत नाही. त्याला चिठ्ठी लिहायची परवानगी द्या. चित्र काढायची द्या. आवाज मागून येतो.

पालकांसाठी थोडक्यात

• या खेळाच्या सुरुवातीच्या संचावर १२ वर्षं व पुढे असं वय दिलेलं असतं. लहान मुलांसाठी मोठ्यांनी सोप्या गोष्टी चालवाव्यात.
• १९८० च्या दशकात अमेरिकेतही अनेक पालकांना हा खेळ मुलांना बिघडवतो अशी भीती वाटली होती. आज तिथे तो शाळांत आणि वाचनालयांतही खेळला जातो. भीती वाटली तर एकदा शेजारी बसून पूर्ण खेळ पाहा.
• सूत्रधार कोण आहे, सोबत कोण खेळतं, किती वेळ खेळतात, हे जरूर माहीत करून घ्या.
• “आज जिंकलास का?” असं विचारू नका. या खेळात जिंकणं-हरणं तसं नसतंच. “आज तुझ्या पात्राने काय केलं?” असं विचारा, आणि पूर्ण ऐका.

एखाद्या दिवशी तुमचं मूल घरात केंकू होऊन तुमचीच वाक्यं तुमच्याच आवाजात परत म्हणू लागेल. रागावू नका. कोणती वाक्यं म्हणतंय ते नीट ऐका, कारण ती त्याने रोज आपल्याकडूनच घेतलेली असतात. त्यात “शाब्बास”, “सांग ना, काय झालं?” अशी दोन-चार वाक्यं आजपासूनच वाढवूया.

उपक्रम करून पाहिलात तर कोणती चिठ्ठी तुमच्या वर्गात अडली, ते नक्की कळवा.